आधी वर पाहा: पीएसपीवरचा ‘एलिट स्क्वाड्रन’ नव्याने खेळणाऱ्यांसाठी

‘एलिट स्क्वाड्रन’ हा पीएसपी या सोनीच्या हातात धरून खेळायच्या यंत्रावरचा ‘स्टार वॉर्स’ खेळ. तो नव्याने हातात घेणाऱ्याची पहिली मॅच बहुतेक वेळा एकाच पद्धतीने जाते. जमिनीवर उतरायचं, समोर दिसेल त्याच्यावर गोळ्या झाडायच्या, मरायचं, पुन्हा उतरायचं. शेवटी पराभवाचा निकाल येतो आणि आपण इतके शत्रू पाडले तरी हरलो कसे, तेच कळत नाही. बरेच जण इथेच कंटाळून खेळ बंद करतात, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. त्यांनी खेळाचा जेमतेम एक तृतीयांश भाग पाहिलेला असतो. ते खाली लढत असताना त्यांच्या डोक्यावर, अवकाशात, तीच लढाई चाललेली असते आणि निकाल अनेकदा तिथे लागतो.

म्हणून या लेखात नेमबाजीपेक्षा लढाई वाचण्यावर जास्त भर आहे. नेम सरावाने सुधारतोच. आत्ता कुठे असायला हवं, हे मात्र कुणीतरी सांगावं लागतं.

खेळ कोणता, यंत्र कोणतं

‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट’ ही मालिका २००४ साली मोठ्या कन्सोलवर आणि पीसीवर सुरू झाली. पँडेमिक स्टुडिओजच्या त्या पहिल्या खेळात सगळ्या लढाया ग्रहांच्या जमिनीवर होत्या. २००५च्या दुसऱ्या भागात अवकाशयुद्ध आलं, पण मॅप वेगळे होते: एका मॅचमध्ये एकतर जमीन, नाहीतर अवकाश. त्या दुसऱ्या भागाची पीएसपी आवृत्तीही निघाली. पुढे रिबेलियन डेव्हलपमेंट्स या ब्रिटिश स्टुडिओने खास पीएसपीसाठी २००७ साली ‘रेनिगेड स्क्वाड्रन’ केला आणि २००९ साली पीएसपीवरचाच ‘एलिट स्क्वाड्रन’. दोन्हींचे प्रकाशक लुकासआर्ट्स.

आपला विषय मुख्यतः ‘एलिट स्क्वाड्रन’. यानात बसून जमिनीवरून थेट अवकाशात जायचं, शत्रूच्या युद्धनौकेत यान उतरवायचं आणि आत पायी लढायचं, हे सगळं एकाच मॅचमध्ये करता येतं. मोठ्या कन्सोलसाठी फ्री रॅडिकल डिझाइन या स्टुडिओत जो तिसरा भाग बनत होता, त्याचाही गाभा हाच होता. तो २००८ साली रद्द झाला. म्हणजे ज्या गोष्टीची चाहते वाट पाहत होते, ती शेवटी खिशात मावणाऱ्या यंत्रावर आली. मला आजही ही या खेळाची सगळ्यात मोठी कमाई वाटते.

निन्टेन्डो डीएसवर याच नावाचा खेळ आहे, पण तो एन-स्पेस या दुसऱ्या स्टुडिओने वेगळा बनवलेला आहे. खालच्या सूचना पीएसपीच्या आवृत्तीसाठी आहेत.

यंत्राचं थोडक्यात. डिस्क असेल तर पीएसपी-१०००, २००० किंवा ३००० यांपैकी कोणतंही चालेल. पीएसपी गो घेऊ नका, त्याला यूएमडी, म्हणजे पीएसपीच्या डिस्कचा, ड्राइव्हच नाही. पीएसपीच्या खेळांना रीजन-लॉक नाही, त्यामुळे डिस्क कुठल्या देशातली आहे याची काळजी नको. प्रगती साठवायला मेमरी स्टिक मात्र हवीच. ती नसेल तर दर वेळी पहिल्यापासून सुरुवात. डिस्क तुमच्याकडे असेल आणि तिची प्रत काढलेली असेल तर पीपीएसएसपीपी या मुक्त-स्रोत एम्युलेटरवर (पीएसपीचे खेळ दुसऱ्या यंत्रावर चालवणारा प्रोग्रॅम) पीसीत किंवा फोनवरही खेळता येतं. फोनवर खेळणार असाल तर ब्लूटूथ कंट्रोलर जोडा. काचेवरच्या बटणांवर जमिनीवरची लढाई कशीबशी निभते, पण यान उडवताना अंगठा हमखास घसरतो.

पहिली पायरी: सेटिंग बघूनच पुढे जा

मुख्य मेनूतून सरळ लढाईत उडी मारू नका. आधी ऑप्शन्समध्ये कंट्रोल्सचं पान उघडा आणि कोणतं बटण काय करतं ते एकदा नीट पाहा. तिथे एक गोष्ट आत्ताच ठरवा: उड्डाणाचा वर-खाली अक्ष उलटा हवा की सरळ. स्टिक मागे ओढल्यावर यानाचं नाक वर जावं असं काहींच्या हाताला वाटतं, तर काहींना स्टिक वर ढकलली की नाक वर जायला हवं. दोन्ही बरोबरच आहे, पण हाताला सवय लागल्यावर बदललं तर पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं. एक उड्डाण करून बघा, ठरवा आणि मग त्याला हात लावू नका.

सुरुवातीला बॉट्सची, म्हणजे खेळ स्वतः चालवतो त्या शिपायांची, काठिण्यपातळी सगळ्यात खालची ठेवा. यात कमीपणा काही नाही. सोप्या पातळीवर आजूबाजूला बघायला वेळ मिळतो, आणि पहिल्या काही मॅचमध्ये बघणं हेच तुमचं मुख्य काम आहे.

हेडफोन लावा. पीएसपीचे स्पीकर बारीक आवाजाचे आहेत. मागून होणारा गोळीबार आणि डोक्यावरून जाणारं यान यांचा अंदाज हेडफोनवर कितीतरी चांगला येतो.

दुसरी पायरी: एका स्टिकवर चालणं आणि नेम धरणं

पीएसपीला एकच स्टिक आहे, हे या खेळातलं सगळ्यात मोठं बंधन. मोठ्या कन्सोलवर डाव्या स्टिकने चालायचं आणि उजवीने बघायचं. इथे दोन्ही कामं एकाच अंगठ्याकडे. त्यावर रिबेलियनने काढलेली तोड म्हणजे लॉक-ऑन: शत्रू समोर असताना लॉकचं बटण धरून ठेवलं की नेम त्याच्यावर चिकटतो आणि स्टिक फक्त हालचालीसाठी मोकळी होते.

हे अंगवळणी पडायला एक साधा सराव करा. इन्स्टंट अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे कथेशिवाय थेट एकच लढाई खेळायच्या मोडमध्ये, कोणताही जमिनीचा मॅप निवडा. पहिला शत्रू दिसला की लॉक धरा, पण लगेच गोळी झाडू नका. त्याच्याभोवती डावीकडून उजवीकडे अर्धवर्तुळात फिरा. तो तुमच्यावर झाडतोय, तुम्ही सरकताय आणि त्याचे बरेचसे झोत बाजूने निघून जातायत, हे डोळ्यांनी बघा. आता गोळीबार सुरू करा आणि फिरणं चालूच ठेवा. थोड्या वेळात अंगठा हे आपोआप करू लागतो. उभं राहून झाडणारा मरतो, सरकत झाडणारा टिकतो. जमिनीवरची निम्मी लढाई एवढ्यावर निघते.

लॉकची एक खोड मात्र लक्षात ठेवा. बटण सोडून पुन्हा दाबेपर्यंत तुम्ही एकाच माणसाला बांधलेले असता. तो आडोशाला गेला तरी नजर तिकडेच खिळून राहते आणि तेवढ्यात दुसरा बाजूने येऊन काम तमाम करतो. म्हणून शत्रू भिंतीआड गेला की लॉक सोडा, मान फिरवून घ्या, मग पुन्हा धरा. धरा, झाडा, सोडा, बघा: हा क्रम हातात बसवा.

दुसरी अडचण पडद्याची. पीएसपीचा पडदा ४.३ इंची आणि ४८० बाय २७२ पिक्सेलचा. मोकळ्या मैदानात लांबवर उभा असलेला शिपाई त्यावर इवलासा ठिपका दिसतो. त्यामुळे स्नायपर रायफल कितीही आवडत असली तरी सुरुवात तिच्यापासून करू नका. मध्यम पल्ल्याची साधी ब्लास्टर रायफल घ्या. ती कशातच अव्वल नाही, पण कुठेही अडत नाही.

व्हिटावर (पीएसपीनंतरचं सोनीचं दोन स्टिकचं यंत्र) खेळणाऱ्यांची यातून बरीच सुटका होते. पीएसपीचा खेळ चालू असताना पडद्यावर बोट दाबून धरलं की सेटिंग उघडतात, आणि उजव्या स्टिकला पीएसपीच्या बटणांचं काम देता येतं. तुमच्या कंट्रोल्समध्ये बघण्याचं काम ज्या बटणांकडे असेल ती तिथे जोडा. पीपीएसएसपीपीमध्येही अशी जोडणी करता येते. अंगठ्याला दोन स्टिकची सवय असेल तर हा बदल पहिल्याच दिवशी करा.

तिसरी पायरी: कमांड पोस्ट

जमिनीवरचा सगळा हिशेब कमांड पोस्टचा आहे. मॅपवर ठिकठिकाणी या चौक्या असतात. जी चौकी तुमच्या बाजूची, तिथून तुम्ही आणि तुमचे साथीदार उतरता. शत्रूचंही तसंच. चौकी घ्यायची म्हणजे तिच्या वर्तुळात उभं राहून टिकायचं. आधी शत्रूचा रंग उतरतो, मग तुमचा चढतो. तेवढा वेळ तुम्ही एका जागी अडकलेले असता, आणि हे समोरच्यालाही ठाऊक असतं.

चौकी घ्यायची एक पद्धत सांगतो, ती जवळजवळ प्रत्येक मॅपवर चालते. सरळ आत घुसू नका. आधी वर्तुळाच्या बाहेरून एक चक्कर मारा. आत कुणी असेल तर एक ग्रेनेड टाका आणि तो फुटेपर्यंत आडोशाला थांबा. मग आत शिरा, पण मधोमध उभे राहू नका. वर्तुळाच्या कडेला, एखाद्या पेटीला किंवा भिंतीला पाठ लावून उभे राहा. रंग बदलत असताना कॅमेरा सतत दोन्ही बाजूंना फिरवत राहा. चौकी तुमची झाली की लगेच पुढे पळू नका, क्षणभर थांबा. ज्याला तुम्ही नुकतंच मारलं तो जवळच्याच दुसऱ्या चौकीवरून उतरून रागाने इकडेच येत असतो. त्याला येऊ द्या, पाडा, मग निघा.

आता संख्येचा हिशेब. दोन्ही बाजूंना ठरावीक कुमक असते. प्रत्येक मृत्यूमागे ती एकाने घटते, आणि ज्याच्याकडे चौक्या जास्त त्याच्या विरोधकाची कुमक गळायला लागते. म्हणजे तुम्ही दहा शत्रू पाडून आठ वेळा मेलात तर तुमच्या बाजूला फायदा फक्त दोनचा. तेवढ्याच वेळात दोन चौक्या घेऊन राखल्या असत्या तर फायदा कितीतरी मोठा झाला असता. निकालाच्या पडद्यावर सगळ्यात जास्त शत्रू पाडणाऱ्याचं नाव वर झळकतं, पण मॅच जिंकून देणारा खेळाडू अनेकदा त्या यादीत खाली असतो. अशा खेळाडूचं मला जास्त कौतुक वाटतं.

मेल्यावर पुन्हा उतरताना घाई करू नका. मॅपचा पडदा समोर येतो तो क्षण फुकट मिळालेला आहे. कोणती चौकी लुकलुकते आहे, म्हणजे कुठे हल्ला चालू आहे. कुठली शत्रूची चौकी एकाकी पडली आहे. हे बघा आणि मग जागा निवडा. सवयीने दर वेळी त्याच चौकीवर उतरणं ही नवख्यांची सगळ्यात महागडी सवय.

हत्यारं: थोडक्यात

रायफल, ग्रेनेड आणि आडोसा एवढ्यावर पहिला आठवडा निघतो. रॉकेट लाँचर माणसांवर वाया घालवू नका, तो वाहनांसाठी आहे. दुरुस्तीचं हत्यार बिनकामाचं वाटतं, पण तुमच्या बाजूचं एखादं वाहन जळण्याच्या बेतात असेल तर ते वाचवणारा माणूस चौकीच वाचवत असतो.

‘रेनिगेड स्क्वाड्रन’ खेळत असाल तर तिथे तयार वर्ग, म्हणजे हत्यारं आधीच ठरलेले शिपायांचे प्रकार, नाहीत. १०० क्रेडिट मिळतात आणि त्यातून हत्यारं, वेग, तब्येत वगैरे स्वतः विकत घ्यायचं. नवखा माणूस सगळी क्रेडिट मोठ्या हत्यारात ओततो आणि कासवाच्या गतीने चालणारा, एका झटक्यात मरणारा शिपाई बनवतो. आधी मध्यम रायफल घ्या, मग वेग आणि तब्येत, आणि उरलेल्यात ग्रेनेड. मोठी हत्यारं मॅप पाठ झाल्यावर.

वीर पात्रांचं आकर्षण सगळ्यांनाच असतं. चित्रपटांतला खलनायक डार्थ व्हेडर म्हणून खेळायला मिळालं तर कोण सोडेल? संधी मिळाली की जरूर घ्या, फक्त ती उघड्या मैदानात खर्च करू नका. तलवार हातात असलेल्या पात्राला जवळची लढाई हवी: अरुंद वाटा, आतल्या खोल्या, आणि शत्रू गर्दीने राखत असलेली चौकी.

चौथी पायरी: उड्डाण

जमिनीवर उभं असलेलं लढाऊ यान दिसलं की त्यात बसा. नाक वर धरा आणि चढत राहा. खालचे शिपाई मुंग्यांएवढे होतात, मॅपच्या कडा दिसू लागतात, आणि एका उंचीनंतर दृश्य बदलून तुम्ही अवकाशात पोचता. समोर दोन्ही बाजूंच्या प्रचंड युद्धनौका एकमेकींवर रोखून उभ्या, मधे यानांची चकमक. पहिल्यांदा हे घडतं तेव्हा थांबून बघावंसं वाटतं. बघा, पण वळत राहा.

उड्डाणात तीनच गोष्टी शिकायच्या आहेत.

पहिली, वेग. सतत पूर्ण वेगात उडणारा माणूस शत्रूच्या पुढे निघून जातो आणि मग त्याच्याच बंदुकीसमोर येतो. वळताना वेग उतरवा, वळण लहान होतं. सरळ पळायचं असेल तेव्हाच वेग चढवा.

दुसरी, झाडायची जागा. यान चालू आहे, म्हणजे शत्रू आत्ता जिथे आहे तिथे झाडलेली गोळी पोचेपर्यंत तो पुढे गेलेला असतो. त्याच्या नाकाच्या थोडं पुढे झाडा. क्षेपणास्त्राचा लॉक लागेपर्यंत मात्र धीर धरावा लागतो. अर्धवट लॉकवर सोडलेलं क्षेपणास्त्र वाया जातं.

तिसरी आणि सगळ्यात मोलाची: कुणी पाठी लागलं तर सरळ पळू नका. मोठ्या नौकेच्या अंगाला घासून उडा. तिच्या बुरुजांमधून, खालून, मागून. तुमच्याच बाजूची नौका असेल तर उत्तम, तिच्या तोफाही पाठलाग करणाऱ्यावर चालतात. माझ्या मते उड्डाणातली ही सगळ्यात सुंदर युक्ती आहे, आणि ती फार कमी नवखे वापरतात, कारण मोठ्या जहाजाजवळ गेलं की आपटू अशी भीती वाटते. आपटालच, काही वेळा. मग अंदाज येतो.

सरावाला दहा मिनिटं द्या आणि त्या वेळात एकही यान पाडायचा प्रयत्न करू नका. फक्त शत्रूच्या युद्धनौकेभोवती एक पूर्ण फेरी मारायची आणि तिच्या हँगरचं, म्हणजे आत यानं उतरवायच्या जागेचं, तोंड कुठे आहे ते पाहून ठेवायचं. पुढच्या पायरीला हेच लागणार आहे.

पाचवी पायरी: शत्रूच्या नौकेत

शत्रूच्या नौकेची ढाल उतरली (ती कशी उतरवायची ते पुढच्या पायरीत) की हँगर तुमच्यासाठी खुलं. आत शिरताना वेग कमी करा, नाक सरळ ठेवा आणि यान उतरवा. आता तुम्ही पुन्हा पायी आहात, पण ही लढाई बाहेरच्यासारखी नाही. अरुंद मार्गिका, कोपरे, दारं. लांबचा नेम इथे निरुपयोगी. जवळच्या मारामारीचं हत्यार आणि ग्रेनेड घेऊनच या मोहिमेला निघा, म्हणजे यानात बसण्याआधीच त्याचा विचार करा. स्नायपर घेऊन नौकेत घुसलेला माणूस पहिल्याच वळणावर पडतो.

आत गेल्यावर काम एकच: नौकेची आतली महत्त्वाची यंत्रणा फोडणं. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाशी लढत बसू नका. दारातून आत जाण्याआधी कोपऱ्यावर थांबा, ग्रेनेड टाका, मग शिरा. तुमच्यामागून आणखी साथीदार उतरलेले असतील तर त्यांना पुढे जाऊ द्या आणि तुम्ही मागचं दार धरा. बॉट्स आत घुसतात जोरात, पण मागे बघत नाहीत. ते काम माणसालाच करावं लागतं.

आपल्या नौकेत शत्रू घुसला असेल तर हेच उलटं. बाहेरचं सगळं सोडून परत या. नौका गेली तर वरची बाजूच गेली.

सहावी पायरी: तीन थर एकत्र वाचणं

आता खरा खेळ. जमीन, अवकाश आणि नौकेच्या आतला भाग हे तीन थर एकमेकांत गुंतलेले आहेत. जमिनीवर आयन तोफ असते. तिचा ताबा ज्याच्याकडे, तो खालून वरच्या शत्रुनौकेवर मारा करू शकतो. उलट, अवकाशात नौकेवर असलेल्या खेळाडूला तिच्या तोफांनी खालच्या जमिनीवर भडिमार करता येतो. म्हणजे खालचा माणूस वरच्याला वाट मोकळी करून देतो आणि वरचा खालच्याला.

एक मॅच डोळ्यांसमोर आणा. सुरुवातीला तुमच्याकडे दोन चौक्या आहेत, शत्रूकडे तीन. बहुतेक जण मधल्या चौकीवर धाव घेतात कारण तिथे गोंधळ असतो. तुम्ही तिकडे जाऊ नका. आयन तोफेची वाट ज्या चौकीतून जाते ती बघा आणि दोन साथीदार तिकडे निघाले असतील तर त्यांच्या मागे लागा. ती चौकी घ्या, तोफ ताब्यात घ्या, वर झाडा. नौकेची ढाल उतरू लागली की आता तुमचं जमिनीवरचं काम तात्पुरतं संपलं. इथे नवख्याची गडबड होते: तोफ मिळाल्याच्या आनंदात तो तिथेच बसून राहतो. ढाल उतरलेली असताना वर कुणी नसेल तर ती उतरवण्याचा उपयोग काय? पळत जाऊन यान गाठा, वर चढा, हँगरमध्ये शिरा.

आणि हे सगळं करताना खाली तुमच्या चौक्या एकामागून एक जात असतील तर? मग थांबून एक प्रश्न विचारायचा: आत्ता लढाई कुठल्या थरावर अडली आहे? कुमक झपाट्याने गळत असेल तर जमीन. तुमच्या नौकेची तब्येत उतरत असेल तर अवकाश. दोन्ही ठीक असेल तर पुढचं पाऊल टाकायची, म्हणजे शत्रूच्या नौकेत घुसायची वेळ. मी मॅच चालू असताना दर वेळी मेल्यावर हाच प्रश्न विचारतो, कारण उतरण्याचा पडदा समोर असतो तेव्हा उत्तर शोधायला निवांतपणा मिळतो.

जमिनीवर अचानक आभाळातून मारा सुरू झाला तर घाबरून इकडेतिकडे पळू नका. छताखाली जा. आणि लक्षात घ्या की ही बातमी आहे: वर शत्रूला मोकळं रान मिळालंय. पुढच्या वेळी उतरताना यान जवळ असलेली चौकी निवडा.

बॉट्सच्या भरवशावर एखादा थर सोडून देऊ नका, पण प्रत्येक थरावर स्वतः असण्याचा अट्टहासही नको. बॉट्स जमिनीवर बऱ्यापैकी तग धरतात. अवकाशात ते शत्रूची यानं गुंतवून ठेवतात, पण नौकेत घुसून काम तडीला नेणं त्यांना फारसं जमत नाही. म्हणून एकट्याने खेळताना साधारण विभागणी अशी ठेवा: सुरुवात जमिनीवर, मधला काळ तोफेवर, शेवट नौकेत.

मोड कुठल्या क्रमाने खेळावेत

आधी इन्स्टंट अ‍ॅक्शन, जमिनीवरचे दोनच मॅप, तेही चौक्यांच्या जागा पाठ होईपर्यंत. नवीन मॅपचा मोह आवरा. ओळखीच्या जागेवर तीन थरांचं गणित पटकन बसतं.

मग कॅम्पेन, म्हणजे कथेच्या मोहिमा. त्यात तुम्ही एक्स२ म्हणून खेळता. एक्स१ आणि एक्स२ हे एका जेडाय गुरूच्या (जेडाय म्हणजे स्टार वॉर्समधले प्रकाश-तलवारीचे योद्धे) डीएनएपासून बनवलेले क्लोन, म्हणजे भाऊच. दोघांच्या वाटा वेगळ्या होतात आणि कथा प्रजासत्ताकाच्या काळातून साम्राज्याविरुद्धच्या बंडापर्यंत जाते. पुढचं सांगून मजा घालवत नाही. कॅम्पेनचा खरा फायदा असा की प्रत्येक मोहिमेत एकेक काम समोर ठेवलं जातं, त्यामुळे उडणं, उतरणं, नौकेत शिरणं यांचा सराव आपसूक होतो. कथेसाठी घाई करणाऱ्यांनी थेट इथून सुरू केलं तरी चालेल, फक्त दुसरी पायरी आधी करा.

गॅलॅक्टिक कॉन्क्वेस्ट सगळ्यात शेवटी. तिथे ग्रहांच्या नकाशावर आलटून पालटून चाली करायच्या असतात आणि लढाया त्या चालींतून उभ्या राहतात. लढाई वाचता येत नसेल तर चांगली चाल करूनही ग्रह हातचा जातो.

सोबतीने खेळायचं असेल तर

खेळाचे अधिकृत ऑनलाइन सर्व्हर आता बंद आहेत. पण अ‍ॅड-हॉक, म्हणजे जवळजवळ बसलेल्या पीएसपींमधला थेट वायरलेस खेळ, अजूनही चालतो. प्रत्येकाकडे स्वतःची डिस्क हवी. यंत्रावरचा वायरलेसचा छोटा स्विच चालू आहे ना ते बघा. ‘समोरचा दिसतच नाही’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा तोच असतो. बॅटरी भरून बसा, वायरलेसवर ती लवकर उतरते. पीपीएसएसपीपीवर खेळणाऱ्यांना हाच अ‍ॅड-हॉक खेळ नेटवर्कवरून जोडता येतो, फक्त सगळ्यांची एम्युलेटरची आवृत्ती एकच ठेवा.

दोघे एका बाजूने असाल तर मॅच सुरू होण्याआधी बोलून घ्या: एकजण तोफेकडे, दुसरा यानाजवळ. तोफवाल्याने ढाल उतरल्याची हाक द्यायची, यानवाल्याने त्या हाकेआधी उड्डाण करून हँगरच्या तोंडाशी घिरट्या घालत राहायचं. पहिल्या काही वेळा वेळ चुकेल. तो लवकर पोचेल आणि शत्रूची यानं त्याला पाडतील, किंवा उशीर होऊन संधी हातची जाईल. जागा अदलाबदल करून खेळा, म्हणजे दुसऱ्याला किती वेळ लागतो ते दोघांनाही कळेल.